लॅपटॉप संगणकातील नेटवर्क कार्ड

लॅपटॉप संगणकातील नेटवर्क कार्ड : लॅपटॉप संगणक संगणक-जालाला जोडण्यासाठी त्यात बसविण्यात येणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. संगणकाच्या स्मृतीतील माहिती ठराविक रचनेच्या चौकटींत बांधणे, ती तारेतून किंवा रेडिओ तरंगांवरून पाठविण्याजोग्या संकेतांत रूपांतरित करणे, जालावरून येणाऱ्या संकेतांतून आपल्या पत्त्याच्या चौकटी वेचून घेणे आणि त्यांतील चुका तपासणे, ही या कार्डाची मुख्य कार्ये होत. प्रत्येक कार्डाला निर्मितीच्या वेळीच ४८ बिटांचा पत्ता दिलेला असतो; त्यापैकी पहिले २४ बिट उत्पादकाचे निदर्शक असून उरलेले २४ बिट त्या विशिष्ट कार्डाचे असतात. मेजावरील संगणकात असे कार्ड बसविणे तुलनेने सोपे होते. लॅपटॉपमध्ये मात्र जागा, वीज व उष्णता या तिन्हींची टंचाई असल्याने हा प्रश्न सुटण्यास सुमारे दोन दशके लागली. या काळात निर्माण झालेली मानके आणि ती मागे पडण्याची कारणे यांवर जुन्या यंत्रांचे आयुष्य आजही अवलंबून आहे.

पार्श्वभूमी : हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ हे रेडिओवर आधारित जाल कार्यान्वित केले. अनेक केंद्रांनी एकच माध्यम सामाईकपणे वापरावे, दोन संदेशांची टक्कर झाल्यास थोडा वेळ थांबून ते पुन्हा पाठवावेत, ही त्यामागील कल्पना होती. तिचा अभ्यास करून झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये ‘ईथरनेट’ची रूपरेषा एका टिपणाद्वारे मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. या पहिल्या जालाचा वेग सेकंदाला २·९४ मेगाबिट होता. १९८० मध्ये डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० मेगाबिट वेगाचे संयुक्त विनिर्देश प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने (आयईईई) ‘८०२·३’ या क्रमांकाखाली त्यास मानकाचे रूप दिले.

मेटकाफ यांनी १९७९ मध्ये थ्रीकॉम ही कंपनी स्थापन केली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि पुढील वर्षी थ्रीकॉमने त्यासाठी ‘ईथरलिंक’ हे कार्ड विक्रीस आणले. आयबीएमच्या संगणकात जादा कार्डांसाठी मोकळ्या खाचा होत्या व त्यांची जोडणी प्रसिद्ध केलेली होती. त्यामुळे कोणत्याही कारखान्याला तीत बसणारे कार्ड बनविता येऊ लागले. नोव्हेल कंपनीच्या ‘एनई-२०००’ या कार्डाची रचना नॅशनल सेमिकंडक्टरच्या सर्वत्र उपलब्ध असलेल्या चकत्यांवर आधारलेली होती. तिच्या असंख्य प्रतिकृती निघाल्या आणि त्या सर्वांना बहुधा एकच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालविणारा प्रोग्राम, पुरेसा ठरे. मोकळी खाच आणि ज्ञात अंतर्रचना या दोन गोष्टींमुळे नेटवर्क कार्ड स्वस्त झाले, ही बाब पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

सुवाह्य संगणकांची अडचण : १९८१ मधील ‘ऑस्बोर्न-१’ हा सुवाह्य संगणक सुमारे ११ किग्रॅ. वजनाचा होता. पुस्तकाप्रमाणे मिटणारा ‘ग्रिड कंपास’ १९८२ मध्ये, तर तोशिबाचा ‘टी-११००’ हा १९८५ मध्ये आला. यंत्र लहान होत गेले तसतशा आतील मोकळ्या खाचा नाहीशा झाल्या. काही उत्पादकांनी स्वतःपुरत्या खाचा ठेवल्या. परंतु एकाचे कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात बसत नसे आणि ती कार्डे महागही पडत. कार्यालयातील मेजावर ठेवलेल्या बैठकीत लॅपटॉप बसवून त्या बैठकीतील खाचा वापरणे, हा दुसरा मार्ग होता. पण त्यामुळे यंत्राची सुवाह्यता तेवढ्यापुरती संपत असे.

तिसरा मार्ग म्हणजे मुद्रकासाठी असलेल्या समांतर पोर्टास जोडावयाचे लहान उपकरण. कॅलिफोर्नियातील झिरकॉम ही १९८८ मध्ये स्थापन झालेली कंपनी अशा उपकरणांसाठी प्रसिद्ध झाली. हे पोर्ट मुळात मुद्रकाकडे माहिती पाठविण्यासाठी योजलेले असल्याने अनेक यंत्रांत उलट दिशेने एका वेळी केवळ चारच बिट घेता येत. त्यामुळे १० मेगाबिट वेगाच्या जालाचा अल्पांशच प्रत्यक्षात उपयोगी पडे. शिवाय या पोर्टातून पुरेशी वीज मिळत नसल्याने ती वेगळ्या साधनाने किंवा कळफलकाच्या जोडणीतून घ्यावी लागे.

पीसी कार्ड मानक : जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांची संघटना १९८५ पासून स्मृतिकार्डांच्या मानकीकरणाचे काम करीत होती. अमेरिकेत १९८९ मध्ये वैयक्तिक संगणकांच्या स्मृतिकार्डांसाठी ‘पीसीएमसीआयए’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दोन्ही संघटनांनी परस्पर सहकार्य केल्याने १९९० मध्ये ६८ पिनांच्या जोडणीचे सामाईक मानक निर्माण झाले. प्रारंभी त्यात केवळ स्मृतीचा विचार होता. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत आदान-प्रदानाची सोय करण्यात आली आणि नेटवर्क कार्ड व मोडेम यांना लॅपटॉपची दारे उघडली. संघटनेचे नाव इतके अवघड होते, की संगणक व्यवसायातील आद्याक्षरी नावे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, असा त्या अक्षरांचा विनोदी विस्तार रूढ झाला. पुढे ‘पीसी कार्ड’ हे सुटसुटीत नाव स्वीकारण्यात आले.

या कार्डाची लांबी ८५·६ मिमी. व रुंदी ५४ मिमी. असते. जाडीनुसार त्याचे तीन प्रकार आहेत : पहिला ३·३ मिमी., दुसरा ५ मिमी. व तिसरा १०·५ मिमी. नेटवर्क कार्डे बहुतांशी दुसऱ्या प्रकारची असत. पिना संगणकाच्या खाचेत आणि छिद्रे कार्डात अशी योजना असून पिनांची लांबी तीन प्रकारची असते. विजेच्या व भूयोजनाच्या पिना सर्वांत लांब, संकेतांच्या त्याहून आखूड व कार्ड बसल्याची सूचना देणाऱ्या सर्वांत आखूड असतात. त्यामुळे कार्ड आत सरकविताना प्रथम वीज जोडली जाते, नंतर संकेत आणि कार्ड पूर्ण बसल्यावरच संगणकाला त्याची जाणीव होते. यंत्र चालू असताना कार्ड बदलता यावे, हा यामागील हेतू होय.

कार्डाच्या स्मृतीत त्याची माहिती नोंदलेली असते. उत्पादकाचे नाव, कार्डाचे कार्य, त्याला लागणारा विद्युत् दाब व चालणारे पत्ते यांचा या नोंदींत समावेश होतो. ती माहिती वाचून कार्डाला साधने वाटून देण्याचे काम ‘सॉकेट सर्व्हिसेस’ व ‘कार्ड सर्व्हिसेस’ या दोन प्रोग्रामांकडे सोपविलेले होते. त्यांपैकी पहिला खाचेच्या नियंत्रकाशी व दुसरा ड्रायव्हरांशी व्यवहार करी.

साधनांचा संघर्ष : प्रत्यक्षात ही व्यवस्था दीर्घकाळ कटकटीची ठरली. आयबीएमच्या वळणाच्या संगणकात व्यत्यय-संकेतांच्या (इंटरप्ट) ० ते १५ अशा केवळ सोळा वाटा होत्या व त्यांतील बहुतेक आधीच व्यापलेल्या असत. क्रमांक ३ व ४ अनुक्रमी पोर्टांच्या, ७ मुद्रकाच्या, तर ५ बहुधा ध्वनी कार्डाच्या वाट्याला गेलेली असे. एनई-२००० च्या वळणाची अनेक कार्डे मूलतः क्रमांक ३ मागत. दुसरे अनुक्रमी पोर्ट चालू असल्यास दोघांचा संघर्ष होई आणि कार्ड सुस्थितीत असूनही मुके राही. अशा वेळी न लागणारे पोर्ट बंद करणे किंवा कार्डास क्रमांक १० अथवा ११ देणे, हे उपाय करीत.

डॉस या प्रचालन प्रणालीत ६४० किलोबाइट स्मृतीची मर्यादा होती. वरील दोन प्रोग्राम, कार्डाचा ड्रायव्हर व जालाचे प्रोग्राम यांनी तिचा मोठा भाग व्यापल्यावर मूळ कामाचा प्रोग्राम चालण्यास जागा उरत नसे. त्यामुळे केवळ एकाच जातीचे कार्ड जागे करणारे लहान प्रोग्राम उत्पादक देऊ लागले. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज-९५ मध्ये कार्ड ओळखणे व साधने वाटणे ही कामे प्रणालीनेच अंगावर घेतली आणि सामान्य ग्राहकाची बरीचशी सुटका झाली. लिनक्स प्रणालीसाठी डेव्हिड हाइंड्स यांनी पीसी कार्डांचा प्रोग्राम-संच तयार केला व डोनाल्ड बेकर यांनी अनेक ईथरनेट कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. हाइंड्स यांच्या संचात कार्ड ओळखले गेल्यावर एक व ते कामास सज्ज झाल्यावर दुसरा असे दोन ध्वनी ऐकू येत. दुसरा ध्वनी खालच्या पट्टीचा आल्यास जुळणी फसली असे समजावयाचे.

कार्डबस व जोडणीचे प्रकार : १९९५ च्या मानकात ‘कार्डबस’ ही ३२ बिटांची व ३३ मेगाहर्ट्झची सुधारित जोडणी आली. तिची तात्त्विक क्षमता सेकंदाला सुमारे १३२ मेगाबाइट होती. त्याच वर्षी १०० मेगाबिट वेगाच्या ईथरनेटचे मानक मान्य झाले होते आणि जुनी १६ बिटांची जोडणी त्या वेगाला अपुरी पडत होती. कार्डबस ३·३ व्होल्ट दाबावर चालते. अशा कार्डाच्या जोडणीपाशी बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते व कडेची खूण वेगळी असल्याने ते जुन्या १६ बिटांच्या खाचेत शिरत नाही. याउलट, जुने कार्ड कार्डबसच्या खाचेत चालते.

जालाच्या तारेचे टोक कार्डाच्या ५ मिमी. जाडीपेक्षा बरेच जाड असल्याने प्रारंभीच्या कार्डांना ‘डोंगल’ नावाची आखूड दोरी जोडावी लागे. ती हरविली अथवा तुटली, की कार्ड निरुपयोगी होई. मेगाहर्ट्झ कंपनीने कार्डातून बाहेर सरकणारी ‘एक्सजॅक’ ही जोडणी काढली. झिरकॉमने तिसऱ्या प्रकारच्या जाडीचे कार्ड करून त्यातच पूर्ण आकाराचे तोंड बसविले.

बिनतारी कार्डे : अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे विस्तृत वर्णपट तंत्रासाठी परवान्याविना खुले केले. एनसीआर कंपनीच्या नेदर्लंड्समधील न्यूवेखाइन येथील अभियंत्यांनी त्यावर आधारित ‘वेव्हलॅन’ विकसित केले. त्यांच्यापैकी व्हिक हेझ हे आयईईईच्या ‘८०२·११’ समितीचे अध्यक्ष होते. तिचे पहिले मानक १९९७ मध्ये १ व २ मेगाबिट वेगांसाठी आणि ‘८०२·११बी’ हे १९९९ मध्ये ११ मेगाबिटांसाठी मान्य झाले. जुलै १९९९ मध्ये ॲपलने आयबुक या लॅपटॉपसोबत ‘एअरपोर्ट’ कार्ड सादर केले व बिनतारी जाल घरोघरी पोहोचण्यास प्रारंभ झाला. ‘वाय-फाय’ हे व्यापारी नावही त्याच सुमारास रूढ झाले. भारतात २००५ च्या नियमांनी २·४ ते २·४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली.

प्रारंभीच्या बिनतारी कार्डांतील ‘वेप’ ही संदेश गुप्त राखण्याची पद्धत सदोष असल्याचे २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी दाखवून दिले. तीऐवजी २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ व २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ या पद्धती आल्या. काही कार्डांना नव्या अंतर्गत प्रोग्रामाने पहिली पद्धत शिकविता आली. दुसरीस लागणारे गणन मात्र अनेक जुन्या चकत्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. परिणामी खाचेत नीट बसणारे, ड्रायव्हर असलेले व रेडिओ शाबूत असलेले कार्डही आजच्या सुरक्षित जालात प्रवेश करू शकत नाही. त्यासाठी जालाची सुरक्षितता उतरविणे हा उपाय घातक आहे, कारण त्यामुळे त्या जालावरील सर्वच यंत्रे उघडी पडतात. अशा यंत्रास तारेचे कार्ड किंवा नव्या पद्धती जाणणारे कार्ड देणे हेच योग्य होय.

बिनतारी कार्डांच्या अंतर्रचनेची माहिती एनई-२००० प्रमाणे खुली नव्हती. काही उत्पादकांनी नाव व क्रमांक तोच ठेवून आतील चकती बदलली. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कार्डांना भिन्न ड्रायव्हर लागत. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी काही चकत्यांचे वर्तन बाहेरून अभ्यासून ड्रायव्हर लिहिले, तर ‘एनडीआयएसरॅपर’ या प्रोग्रामाने विंडोजचे ड्रायव्हर लिनक्समध्ये चालविण्याची सोय केली.

कार्ड बसविण्याची पद्धती : जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड बसविताना प्रथम खाच १६ बिटांची, कार्डबसची की एक्सप्रेसकार्डची, हे यंत्राच्या पुस्तिकेवरून निश्चित करतात. नंतर प्रचालन प्रणालीसाठी त्या चकतीचा ड्रायव्हर उपलब्ध आहे किंवा नाही हे पाहतात. ड्रायव्हर बहुधा जालावरूनच मिळवावा लागतो आणि जालावर जाण्यासाठी ड्रायव्हर लागतो. म्हणून तो दुसऱ्या यंत्रावरून आधीच आणून ठेवणे इष्ट असते. कार्ड सपाट धरून, जोर न लावता आत सरकवितात. खाचेतील पिन वाकल्यास कार्डाचे नव्हे, तर लॅपटॉपचेच नुकसान होते. काढण्यापूर्वी प्रणालीला तशी सूचना देऊन मगच बाजूचे बटण दाबतात.

कार्ड ओळखले गेल्यावर त्यास जालाचा पत्ता, उपजालाचा मुखवटा, प्रवेशद्वाराचा पत्ता व नावे उलगडणाऱ्या यंत्राचा पत्ता द्यावा लागतो. जालात स्वयंचलित वाटपाची व्यवस्था असल्यास हे आपोआप होते. चाचणी क्रमाने घेतात. १२७·०·०·१ या पत्त्यावरून उत्तर आले, तर प्रणालीतील जालाचे प्रोग्राम ठीक आहेत एवढेच सिद्ध होते, कार्डाची परीक्षा होत नाही. त्यानंतर तारेची जोडणी दर्शविणारा दिवा, प्रवेशद्वाराकडून येणारे उत्तर, दूरच्या यंत्राचे अंकी पत्त्यावरील उत्तर आणि शेवटी नावावरील उत्तर तपासतात. जेथे उत्तर थांबते, तेथे दोष शोधावयाचा असतो. जुन्या समाक्ष तारेच्या जालात दोन्ही टोकांना ५० ओहमचे रोधक नसल्यास संकेत परावर्तित होऊन संपूर्ण जाल बंद पडत असे.

कार्डाचे अंतर्गमन : मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ या नावाखाली प्रक्रियक, साहाय्यक चकत्या व बिनतारी कार्ड एकत्रितपणे बाजारात आणले. हे कार्ड ‘मिनी पीसीआय’ जोडणीचे असून लॅपटॉपच्या पोटात असे व त्याच्या आकाशकांच्या तारा पडद्याच्या चौकटीत फिरविलेल्या असत. कार्ड बदलताना या बारीक तारांच्या टोकांची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण ती वारंवार काढघाल करण्यासाठी बनविलेली नसतात. काही उत्पादकांनी यंत्राच्या मूलभूत प्रोग्रामात मान्य कार्डांची यादी घातली. यादीबाहेरचे कार्ड आढळल्यास यंत्र सुरू होण्याचेच नाकारी. रेडिओ उपकरणांची शासकीय मान्यता यंत्र व आकाशक यांसह घ्यावी लागते, असे कारण त्यासाठी देण्यात येई. हे कारण निराधार नव्हते. तथापि त्यामुळे ग्राहकाचा दुरुस्तीचा पर्याय संकुचित झाला हेही खरे.

बाहेरच्या खाचेसाठी २००३ मध्ये ‘एक्सप्रेसकार्ड’ हे ३४ व ५४ मिमी. रुंदीचे नवे मानक आले. परंतु तोपर्यंत ईथरनेट व वाय-फाय दोन्ही यंत्रातच समाविष्ट होऊ लागले होते आणि इतर गरजा यूएसबी पोर्ट भागवीत होते. पीसीएमसीआयए संघटना २०१० च्या सुमारास विसर्जित झाली व तिचे उर्वरित काम यूएसबीच्या संघटनेकडे गेले. त्यानंतरच्या अनेक पातळ लॅपटॉपांत बिनतारी चकती मुख्य फलकावरच डाखलेली असते आणि ती स्वतंत्रपणे बदलता येत नाही.

महत्त्व : काढता-घालता येणाऱ्या कार्डामुळे एका लॅपटॉपला जालांच्या अनेक पिढ्या पाहता आल्या. १९९६ मध्ये घेतलेले, कार्डबसची खाच असलेले यंत्र प्रथम १० मेगाबिट ईथरनेटवर, मग १०० मेगाबिटांवर व नंतर बिनतारी जालावर चालविता येई. प्रत्येक वेळी फक्त कार्ड बदलावे लागे. कार्ड मुख्य फलकावर डाखले गेल्यावर एका चकतीचे वार्धक्य हेच संपूर्ण यंत्राचे वार्धक्य ठरू लागले. प्रयोगशाळांतील मापन उपकरणे किंवा कारखान्यांतील यांत्रिक हत्यारे चालविणारी जुनी यंत्रे बदलणे अतिशय खर्चाचे असल्याने तेथे हा प्रश्न आजही तीव्रतेने जाणवतो. भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये करण्यात आले व ते २०१६ व २०२२ मध्ये नव्याने तयार झाले. त्यांचा मुख्य भर टाकाऊ वस्तूंचे संकलन व पुनश्चक्रण यांवर आहे. वस्तू टाकाऊ होण्याची वेळ पुढे ढकलण्यासाठी मात्र सुटा भाग, सर्वमान्य खाच व खुली तांत्रिक माहिती या तिन्ही गोष्टी लागतात. यांपैकी एकही नसल्यास उरलेल्या दोन अपुऱ्या पडतात, असे पीसी कार्डाच्या इतिहासावरून दिसून येते.